शुक्रवारचं दुखणं

दर शुक्रवारी चार वाजले की ऑफिसचं नेटवर्क मान टाकायचं. कॉम्प्युटर सांभाळणारे भाऊ टेबलाखाली शिरायचे आणि चेहरा पाडून बाहेर यायचे. "साहेब, आज काही खरं नाही." मग साहेब वैतागून सगळ्यांना घरी सोडायचे.

शेवटी साहेबांनी चाळीस नवे कॉम्प्युटर आणले. एकेकात सगळं भरत कोण बसणार? भाऊंनी शुक्रवारी दुपारी आपल्याच कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल नेटवर्कवरून चाळीसच्या चाळीस कॉम्प्युटरांत उतरवली. साहेब जाम खूश! ते सगळ्यांसमोर भाऊंची पाठ थोपटत होते, तेवढ्यात चार वाजले आणि चाळीस पडद्यांवर एकदम भाऊंचा रिमाइंडर टिंग करून उगवला:



"टेबलाखालची वायर काढायची. मग चेहरा पाडायचा."