जुनं माप

"सगळं परत येईलच असं नाही हं, काका," दुरुस्तीवालीनं आधीच सांगून टाकलं. वीज गेली तेव्हा शिंप्याच्या दुकानातला कॉम्प्युटर मधेच बंद पडला होता, आणि तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या मापांची फाइल उघडायचं नाव घेत नव्हती. म्हणून तो कॉम्प्युटर उचलून तिच्या दुकानात आला होता.

दोन तासांनी मापं परत आली, पण नावं गळालेली. नुसते आकडे. शिंप्याचं त्यावाचून अडलं नाही. पोट अठ्ठेचाळीस म्हणजे बँकेतले साहेब, दर वेळी श्वास आत ओढून चव्वेचाळीस भरवू पाहणारे. उजवी बाही आखूड म्हणजे पोस्टमन. तो आकड्यांवरून माणसं ओळखत गेला आणि दुरुस्तीवाली हसत हसत नावं भरत गेली.

त्याला खरं तर एकच माप हवं होतं, बायकोचं. निळा ड्रेस जुन्याच मापानं शिवा, बरी झाले की अंगात बसेल, असं तिनं इस्पितळातून बजावलं होतं. अख्ख्या बाजाराची मापं तोंडपाठ, आणि हिचंच आठवेना. दिव्याखाली अंधार. तिला विचारायची त्याला लाज वाटत होती.

डावा खांदा अर्धा इंच उतरता. "हीच," तो म्हणाला. पुढे कंबर होती सव्वीस.

हा आकडा त्यानंच महिन्यापूर्वी भरला होता. इस्पितळात घालायला सैल गाऊन हवा होता, म्हणून तिच्या खाटेपाशी टेप धरून घेतलेलं माप. याआधीचं कुठंय, त्यानं विचारलं. दुरुस्तीवालीनं तीनतीनदा शोधलं.

"फाइल बिघडली म्हणून नाही गेलं ते, काका. तुम्हीच त्यावर नवं लिहिलंय."

नवं माप आलं की जुनं पुसायचं, ही त्याच्या दुकानाची रीतच होती. जुन्या मापानं कापड वाया जातं, असं तो कारागिरांना सांगत आला होता. आता परक्या दुकानात, परक्या मुलीसमोर त्याला रडू आवरेना.

तेवढ्यात बायकोचाच फोन आला. माप सापडलं का, तिनं विचारलं.

"सापडलं की," त्यानं ठोकून दिलं. "कंबर छत्तीस."



"चौतीस होती," ती म्हणाली. "पण राहू द्या आता. आत्ताच्याच मापानं शिवा. एकदा घालायचाय मला."