तीन पट्ट्या खाली

“हा नको. तो कोपऱ्यातला दाखवा,” दीपा म्हणाली.

पंकजचा हात माउसवर तसाच राहिला. सावेडीतल्या त्याच्या नव्याकोऱ्या दुकानात मधोमध मांडलेल्या रंगीत पडद्यावर मासे पोहत होते आणि दोन्ही स्पीकरांतून समुद्र गाजत होता. सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात अख्ख्या नगरात यापेक्षा भारी कॉम्प्युटर नाही, असं तो आत्ताच सांगून चुकला होता. कोपऱ्यातला डबा कुठल्याशा पतसंस्थेने नवीन घेताना टाकून दिलेला. अंग पिवळं पडलेलं, पडदा काळा-पांढरा.

“ताई, त्याच्यावर पत्रं टाईप करतात. गाणं-बिणं व्हायचं नाही.”

“किंमत?”

“ह्याचा पाचवा हिस्सा. पण उद्या मला बोल लावायचा नाही.”

दीपाने आईकडे पाहिलं. कलाबाई दाराजवळच्या स्टुलावर, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. काष्टीहून सकाळच्या एसटीने लेकीबरोबर आल्या होत्या. तीस वर्षं ही बाई स्वतः रचलेली गाणी गावोगाव गात आली. गेल्या महिन्यात कॅसेट काढायची म्हणून लेकीने त्यांना पुण्यातल्या एका स्टुडिओत नेलं. वादकांनी आपलं काम आधीच काळी चारच्या उंच पट्टीत रेकॉर्ड करून ठेवलेलं. साठीला टेकलेला गळा तिथवर पोचेना. टेप हळू फिरवून पट्टी उतरवली, तर गाणंही मरगळलं. शेवटी स्टुडिओवाला म्हणाला, “आजी, गाणी तुमचीच राहू द्या. गळा आपण दुसरा आणू.” त्या दिवसापासून कलाबाई घरात भाकरी थापतानासुद्धा गुणगुणल्या नव्हत्या.

“मला ह्याच्यातून आवाज काढायचाच नाही,” दीपा पंकजला म्हणाली. “आवाज माझा कीबोर्ड काढील. ह्याने फक्त लक्षात ठेवायचं, मी कुठलं बटण कधी दाबलं ते. एवढं त्याला जमेल.”

पंकज हसला, पण त्याने डबा पुसून टेबलावर घेतला. कीबोर्ड जोडण्यापुरतं तिने सांगितलेलं साउंड कार्ड आत बसवलं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात चार वर्षं बडवलेला कीबोर्ड दीपाने खोळीतून काढला, कॉम्प्युटरवरच्या खेळांची जॉयस्टिक लावतात त्या भोकात वायर खोचली आणि प्रोग्रामची फ्लॉपी सरकवली. डबा कितीतरी वेळ कुरकुरत राहिला. दोन सीझनची कमाई आईच्या मांडीवरच्या पिशवीत होती, आणि दीपाने हे सगळं आजवर फक्त दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याच्या घरी करून पाहिलं होतं.

पडद्यावर रेघा उमटल्या.

तिने बोंगोचा आवाज लावला आणि बोटांनी ढोलकीचा ठेका धरला. मग तो ठेका आपोआप वाजायला लागला आणि तिने त्यावर सवयीने काळी चारमध्येच खर्जाचे सूर भरले. मग बासरी. मग टाळ. प्रिंटरची शाई घ्यायला आलेले एक गुरुजी पिशवी खाली ठेवून उभे राहिले.

“आई, ये. म्हण.”

“न्हाई गं.”

“एकदाच.”

कलाबाई उठल्या. पदर सारखा केला, तोंड उघडलं. धृपद कसंबसं पार पडलं. अंतऱ्यात आवाज चिरला आणि त्या गप्प झाल्या. डबा वाजतच होता. पंकजने भलतीकडे पाहिलं.

“जाऊ दे बाई,” कलाबाई म्हणाल्या. “त्यो पुण्याचा मानूस खरं बोलला.”

दीपाने सगळं थांबवलं. ठेक्याला पट्टी लागत नाही म्हणून ढोलकी तेवढी बाजूला ठेवली, बाकीच्या ओळी निवडल्या आणि एक बटण तीनदा दाबलं. टक, टक, टक. तीन पट्ट्या खाली. मग पुन्हा सुरू केलं.

तेच गाणं, तीच चाल. एक मात्रासुद्धा मंदावली नाही. पण बासरी आता अंगणात उतरून आल्यासारखी, हाताला लागेल अशी.

“पांढरी चार,” दीपा हळूच म्हणाली.

कलाबाईंनी डोळे मिटले. दोन आवर्तनं नुसती ऐकली. आणि तिसऱ्याला उचललं.

*लेक निघाली शाळंला,*
*उन्हं आली गं माळाला…*

अंतरा आला. आवाज वर चढला, जिथे चिरला होता ती जागा आली, आणि कलाबाई ती जागा इतक्या सहज ओलांडून गेल्या की पुढची ओळ त्यांनी हात उंचावून, दुकानाच्या छताला ऐकू जावी अशी फेकली. पिकलेला, भरदार आवाज. रस्त्यावर एक रिक्षावाला इंजिन बंद करून आत डोकावला. गुरुजी मान डोलवत होते. पंकजने जाऊन समुद्र गाजवणारे स्पीकर बंद केले.

गाणं संपलं. मग रिक्षावाल्याने बाहेरूनच टाळ्या वाजवल्या.

“मावशी…” पंकज म्हणाला आणि दीपाकडे वळला. “ताई, हाच द्यायचा ना? बंद करतो. खोक्यात घालून देतो.”

तो खटक्याकडे वाकला, तर कलाबाईंनी त्याचं मनगट धरलं. त्यांचा चेहरा फुलून आला होता.

“थांब रं बाबा,” त्या म्हणाल्या. “ह्यो दमला नसंल, तर आनखी एक म्हनते.”