फळ्यावरची शेवटची ओळ

तूर. हरभरा. सोयाबीन. रोज सकाळी, खडूनं, वरून खाली.

गुलाबी काठाची साडी, घडी न मोडलेली.

डाळीच्या पोत्यांमागं उभी करून ठेवलेली एक पाटी.

लातूरच्या कामगार न्यायालयाबाहेर कटिंग चहा पिताना एक वकीलबाई विचारते, "ह्या वाक्यात पक्ष कुठाय?"

वाक्य असं : मत – विकायचं न्हाई.

निलंग्याच्या एका डाळमिलच्या गेटवर शेतमालाच्या भावाचा फळा होता. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ही ओळ सोयाबीनच्या खाली दिसली. माल घेऊन आलेले शेतकरी भाव वाचत, खाली येत आणि मिशीत हसत. एकानं मोबाईलवर फोटोही काढला. नगरपालिकेचं मतदान चार दिवसांवर होतं, आणि मिलचे मालक आप्पासाहेब यांचा पुतण्या उभा होता.

फळा लिहायचं काम पंचशीलाचं. सात वर्षं.

आप्पासाहेबांनी ओळ स्वतःच्या रुमालानं पुसली आणि तिला ऑफिसात बोलावलं.

"उद्यापासून येऊ नको."

"कारण, मालक?"

"कारण मला विचारतीस? तुमचं वस्तीतलं राजकारण वस्तीत ठेवायचं. माझ्या गेटवर न्हाई चालायचं."

कोपऱ्यातल्या खुर्चीत आप्पासाहेबांची आई, पार्वतम्मा, बसली होती. घरी एकटीला करमत नाही म्हणून ती दिवसभर मिलमध्येच असायची. आदल्या दिवशी लेकाच्या सांगण्यावरून तिनंच मिलमधल्या बायांना साड्या वाटल्या होत्या. पंचशीलानं तेवढी आपली साडी परत तिच्या मांडीवर ठेवली होती. म्हातारी साडीकडं बघत राहिली होती.

आता ती काठी टेकून उठली. "आप्पा, तिला..."

"अम्मा, तू गप बस. तुला यातलं काय कळतंय?"

"हाव अम्मा, तुमी बसा," पंचशीलाही म्हणाली. "हे माझं हाय. मी बघते." मग मालकाकडं वळून, "तोंडी न्हाई जाणार मी. लिहून द्या."

आप्पासाहेबांनी रागाच्या भरात लिहून दिलं. 'मिलच्या फळ्यावर राजकीय मजकूर लिहिल्याने कामावरून कमी करण्यात येत आहे.' सही, शिक्का. पंचशीलानं कागद वाचला, एक वेलांटी चुकली होती ती दाखवली, आणि घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला.

वकीलबाई म्हणजे मनिषा. नांदेडला कॉलेजात दोघी एका खोलीत राहिल्या होत्या. कागद बघून तिनं आधी टाळी वाजवली.

"एवढा चांगला पुरावा मालक स्वतः देतो का गं? नोटीस न्हाई, चौकशी न्हाई. बरं, एक सांग. लिहिलंस ना तू?"

"लिहिणं गुन्हा हाय का?"

"न्हाई."

"मग कुणी लिहिलं ते कशाला विचारतीस?"

मनिषा हसली. "कोर्टात असं उलटं बोलू नको म्हणजे झालं."

चौदा महिने गेले. या काळात पंचशीलानं शिकवण्या घेतल्या, तारखेच्या दिवशी पहाटेची एसटी पकडली आणि एकदाही उशीर केला नाही. लोह्याहून आई फोनवर म्हणायची, माफी मागून टाक बाई. ती म्हणायची, "कशाची ते सांग, मागते."

उलटतपासणीला मालकाचे वकील भीमाशंकर यांनी फळ्याचा फोटो पुढं धरला.

"हे अक्षर कुणाचं?"

"वळण माझंच हाय, साहेब. फळा माझ्या ताब्यात होता. त्यावरच्या ओळीची जबाबदारी मी दुसऱ्यावर ढकलत नाही."

"बी.ए. मराठी आहात तुम्ही. आणि लिहिता 'न्हाई'? का ही तुमच्या पुढाऱ्याची भाषा?"

"पुढाऱ्याची नाही, इथली भाषा आहे ती. आणि 'न्ह' लिहायला सोपा नसतो, वकीलसाहेब. बघा तुम्ही लिहून."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं, पण हसणाऱ्याला बाहेर काढलं नाही.

मग मनिषानं आप्पासाहेबांना दोनच प्रश्न विचारले. पंचशीलाचं म्हणणं ऐकून घेतलं होतं का? नाही. ओळीत कोणत्या पक्षाचं नाव होतं? आप्पासाहेबांनी फोटो उलटा करून मागची बाजूही बघितली.

निकाल लागला. ओळ कुणाचा प्रचार करत नाही, आणि चौकशीशिवाय कुणाला काढता येत नाही. परत कामावर घ्यावे.

सोमवारी पंचशीला नऊच्या ठोक्याला गेटवर हजर झाली.

"आलीस?" आप्पासाहेब म्हणाले.

"आले, मालक. खडू कुठाय?"

त्यांनी खिडकीकडं बोट केलं आणि फोन कानाला लावला, वाजला नव्हता तरी.

"ये गं कोर्टवाली," कोपऱ्यातून पार्वतम्मा म्हणाली.

"कशा हाव, अम्मा?"

"कशी असणार? चौदा महिने माझी पाटी रिकामी पडून हाय."

"हिला डाळ निवडायचा काय सोस हाय, देव जाणे," आप्पासाहेब फोन कानावर ठेवूनच म्हणाले. "तेवढ्यासाठी लाखाची मशीन घेतली मी."

पंचशीलानं पोत्यांमागून पाटी काढली, ओढणीनं तिच्यावरची धूळ पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली. "दुपारी बसू, अम्मा."

मग ती फळ्यापाशी गेली. तूर. हरभरा. सोयाबीन. खाली एका ओळीची जागा तिनं मोकळी सोडली.

'न्ह' हे जोडाक्षर पाटीवर गिरवून गिरवून पार्वतम्माला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी जमलं, साड्या वाटल्या त्याच आठवड्यात. फळ्यावर तिनं ते पहिल्यांदा लिहिलं तेव्हा पंचशीला जेवायला गेली होती.