शालनची रेकॉर्ड

शालन गायची आणि तिचा नवरा हणमंत ढोलकी वाजवायचा. सोलापुरात त्यांची गायन पार्टी होती. चौऱ्याहत्तर साली मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीनं एकट्या शालनला बोलावलं, तेव्हा ती जायला तयार नव्हती.

"तुमच्या ढोलकीबिगर मला गाता यायचं न्हाय," ती म्हणाली.

"येतंय की. जा तू," म्हणत हणमंतनंच तिला रेल्वेत बसवून दिलं.

तिथल्या वादकांबरोबर तिनं दोन गाणी गायली. रेकॉर्ड आली आणि नव्या पेठेतल्या हॉटेलांतून दिवसभर वाजू लागली. हणमंत चहा घेत तिथंच बसायचा. दिसेल त्याला सांगायचा, "आमची शालन हाय ही."

पुढं टेंभुर्णीच्या जत्रेत त्यांच्या पार्टीचा कार्यक्रम होता. शालननं तेच गाणं धरलं. दुसऱ्याच ओळीला खालून कुणीतरी ओरडलं, "रेकॉर्डसारखं वाजवा की हो!" मग सगळेच ओरडायला लागले. हणमंतनं ठेका बदलून पाहिला, पण जमेना. शेवटी त्यानं ढोलकी जत्रेला आलेल्या दुसऱ्या पार्टीतल्या, रेकॉर्डचा ठेका येणाऱ्या एका तरण्या वादकाच्या हातात दिली.

"मी न्हाय गाणार," शालन पुटपुटली.

"गा. लोकं थांबल्यात," असं म्हणून तो स्टेजवरून उतरला आणि समोर लोकांत जाऊन बसला.

गाणं असं रंगलं की टाळ्या-शिट्ट्या थांबेनात. त्या गर्दीत, बाकीच्यांसारखाच हात वर करून, हणमंतही ओरडला, "वन्स मोअर!"