वळणावरच्या झाडाचे फोटो

माझी अकरावीतली मुलगी हवामानबदलावर संशोधन करणाऱ्या एका मॅडमना मदत करते. वळणावरचं म्हातारं झाड पूर्वी कधी फुलायचं, हे ठरवायला तारीख छापलेले जुने फोटो हवे होते. नाही मिळाले तर ते झाड अभ्यासातून बाद.

"ढीगभर आहेत!" मी ऐटीत म्हणालो. "झाड फुललं रे फुललं की तुझी आई मला तिथे ओढत न्यायची, फोटो काढायला."

बायको गेल्यापासून बंद ठेवलेला डबा मी उघडला. मुलीने सगळे फोटो फरशीवर पसरले आणि कपाळावर हात मारला.

"अहो बाबा, झाड कुठंय? सगळीकडे नुसती आईच!"

"मागे असेल की," मी पुटपुटलो.

तेवढ्यात ती जोरात किंचाळली. "आईच्या कानामागे बघा! प्रत्येक फोटोत ह्याच झाडाचं ताजं फूल!" मग मला धरून तिने खोलीभर नाचवलं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. त्याही खुशीत होत्या. "काका, शोधनिबंधात निरीक्षक म्हणून तुमचं नाव देते हं."



"तिच्या आईचं द्या," मी म्हणालो. "मला तेव्हा ना झाड दिसलं, ना फूल."