ओट्याची उंची

स्वयंपाकघराचा नवा ओटा दुसऱ्यांदा फुटत होता. पहिला सासूबाईंच्या मापाचा झाला, दुसरा गवंड्याच्या अंदाजाने थेट माझ्या छातीशी आला. चार महिने मी मोरीत गॅस मांडून रांधतेय. तान्हीच्या दुधावरही सिमेंटची साय.

“अजून किती दिवस गं?” नवऱ्याने मलाच विचारलं. मला रडूही येईना.

शेवटी इंटिरियर डिझायनर बाई आल्या.

“आमच्या घरातलं यांना काय कळणार!” सासूबाई पुटपुटल्या.

बाईंनी एवढंच विचारलं, “इथे स्वयंपाक कोण करतं?”

मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

“भिंतीशी उभ्या राहा. कोपर वाकवा.” कोपराखाली चार बोटं सोडून त्यांनी खडूने रेघ मारली. “ओटा एवढाच. बाकीचं मी बघते. तुम्ही लेकीला घ्या.”

त्या रेघेखाली बसून मी चार महिन्यांचं रडले.