मुकं भजन

"ऑफिसातल्या या तक्रारींच्या कॉम्प्युटरची स्क्रीन दोन मिनिटांत लॉक व्हायला हवी, ती होतच नाही," कॉलेजच्या तक्रार समितीच्या अध्यक्षा इंगवलेबाई म्हणाल्या. "परवा एका मुलीने लाटकर सरांविरुद्ध तक्रार दिली. संध्याकाळी त्यांनी तिला जिन्यात गाठून तिचीच वाक्यं ऐकवली." आणि त्या वर्गावर गेल्या.

कॉलेजचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सुलक्षणाने लिनक्सची सेटिंग तपासली. लॉक चालूच होतं. मग स्क्रीनवरच्या बाकी खिडक्यांच्या मागे भजनाचा एक व्हिडिओ सापडला, आवाज बंद करून सतत फिरणारा. व्हिडिओ चालू असेपर्यंत स्क्रीन लॉक होत नव्हती.

"ते माझं," क्लार्क घाटपांडे म्हणाले. "देवाचं आहे, राहू द्या."

"ऐकू तर येत नाही, काका."

"मनात भाव पाहिजे, ताई."

तिने व्हिडिओ बंद केला आणि बाजूला थांबली. थोड्या वेळात स्क्रीन लॉक झाली.

"या, लाटकर सर," घाटपांडे अर्धवट उठत म्हणाले आणि डोळ्यांनी खुणावू लागले. सरांचं लक्ष नव्हतं. ते सरळ कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले, माऊस हलवला आणि पासवर्डची चौकट बघून वैतागले.

"घाटपांडे, आज भजन नाही लावलंत?"

सुलक्षणाने मघाशी तोच माऊस धरलेला आपला हात ओढणीला पुसला आणि इंगवलेबाईंना फोन लावला.